चौथी सायकल

आमच्या शेजारच्या काकांच्या अंगणात तीन तिनचाकी सायकली उभ्या आहेत. उभ्या म्हणजे नुसत्या उभ्याच, चालत एकही नाही. पहिलीची चेन तुटलीये. दुसरी मुळात काकांच्या मापाचीच नव्हती, तिच्यावर काकू आता पापड वाळवतात. तिसरी बॅटरीवाली. ती आली तेव्हा आख्खी गल्ली बघायला जमली होती. आठ महिने झकास चालली, मग बॅटरी गेली. नवी बॅटरी कुठं मिळते, कोण बसवून देतं, हे सांगणारा माणूस ती सायकल वाटणाऱ्यांकडेही नव्हता.

काका कळमना मार्केटात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. लहानपणीच्या पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. हिशोब मात्र असा पक्का की संत्र्याच्या सीझनमध्ये कॅल्क्युलेटर बाजूला पडतो. हर्रास सकाळी असतो, त्याआधी गादीवर पोचायला हवं. म्हणून रोज ठरलेला ऑटोवाला येतो, उचलून आत बसवतो, उचलून खाली उतरवतो. महिन्याच्या पगारातला एक मोठा तुकडा असा ऑटोत जातो. ऑटोवाला गावाला गेला की काकांचा खाडा.

हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं. कारण गेल्या वर्षी आमच्या हापिसातर्फे तिनचाकी वाटप झालं, तेव्हा यादीत काकांचं नाव मीच घातलं होतं! एकसारखे टीशर्ट, बॅनर, फोटो, वडापाव, सगळं साग्रसंगीत. संध्याकाळी मोठ्या रुबाबात काकांना सांगायला गेलो, की तुमची नवी सायकल मंजूर झालीये. काकांनी शांतपणे अंगणाकडे बोट दाखवलं.

"बाबू, ह्या तीन दिसते का तुले? चौथी कुठं ठेवू? सायकल कोनीबी देते. पंक्चर काढाले कोन येते? मले कोनी विचारलं का, का बाबा तुले काय पायजे मनून?"

मी विचारलं नव्हतं. च्यायला, भिंतीला भिंत लागून घर आहे, आणि मी विचारलं नव्हतं.

मग विचारलं. तर कळलं की पहिली अडचण सायकलीची नाहीच. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा रस्ता वर गेला आणि घरं खाली राहिली. (नागपूरकरांना हे वेगळं समजवायला नको, पावसाळ्यात बादल्यांनी पाणी कोणी उपसलं ते आपल्याला ठाऊक आहे.) काकांच्या अंगणातून रस्त्यावर यायचं तर जवळजवळ फूटभर चढ. तिन्ही सायकली धडधाकट असत्या तरी काका दुसऱ्या कोणी ढकलल्याशिवाय फाटकाबाहेर पडू शकले नसते.

मी पडलो इंजिनिअर. पुढच्याच रविवारी गवंडी आणला आणि चार फूट लांबीचा रॅम्प ठोकला. काका बघून म्हणाले, "हे घसरगुंडी आहे बाप्पा." बरोबरच होतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा साधा एकास बाराचा हिशोब असतो, तो मी रॅम्प बांधून झाल्यावर गूगल केला. नाक मुठीत धरून तो फोडला, आणि काका सांगतील तसा भिंतीच्या कडेनं वळवून दुसरा बांधला. पहिल्या सायकलीला चेन टाकली. सगळा खर्च, माझ्या घसरगुंडीसकट, एका नव्या बॅटरीवाल्या सायकलीच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता मुद्दा. हा लेख सरकारला शिव्या घालायला नाहीये, तुम्हाआम्हाला घालायला आहे.

आपण, म्हणजे महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणारी मंडळी, संस्थांना पैसे देतो तेव्हा पहिला प्रश्न काय विचारतो? "यातले पगारावर किती जातात?" आणि ज्या संस्थेचा पगाराचा खर्च कमी ती चांगली, असं समजून चेक फाडतो. कंपन्यांचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. चांगलंच झालं. पण एक्सेल शीटमध्ये कॉलम असतो "लाभार्थी संख्या". एक सायकल, एक लाभार्थी. पंक्चर काढलं तर लाभार्थी शून्य, कारण तो माणूस आधीच मोजून झालाय!

आणि अपंग माणूस स्वतःच्या हिमतीवर जगायला ज्या गोष्टी लागतात, त्या बहुतेक सगळ्या पगारच असतात हो. पांढरी काठी घेऊन रस्ता कसा ओलांडायचा हे शिकवणारा. स्क्रीन रीडर शिकवणारा. खुणांच्या भाषेचा दुभाषी. नोकरी लागल्यावर पहिले दोन महिने सोबत राहून मालकाची आणि कामगाराची दोघांची भीती घालवणारा. सकाळी दीड तास येऊन अंघोळ घालून, कपडे चढवून, ऑफिसला जाता येईल असं करून देणारा मदतनीस. यातलं काहीच स्टेजवर हार घालून वाटता येत नाही.

१९७२ साली अमेरिकेत बर्कलीला सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग सुरू झालं. काढणाऱ्यांतला मुख्य माणूस एड रॉबर्ट्स. चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळजवळ काही हलत नाही, झोपायला लोखंडी फुफ्फुसाचं यंत्र. विद्यापीठानं त्याला प्रवेश द्यायला आधी खळखळ केली होती. तर या लोकांच्या संस्थेनं काय केलं? मदतनीस शोधून देणं, राहायजोगी घरं शोधून देणं, आणि... व्हीलचेअर दुरुस्ती! पंक्चर काढणारा. कळमन्यातले काका आणि बर्कलीचे पोरं एकच गोष्ट मागत होते. पुढे तिथल्या कायद्यात अटच आली, की सरकारी मदत घेणाऱ्या अशा केंद्रांच्या नियामक मंडळात आणि कर्मचाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतः अपंग हवेत. आपल्याकडच्या किती संस्थांच्या कार्यकारिणीचा फोटो या चाळणीतून खाली पडेल, बघा एकदा.

आपल्याकडे असं झालंच नाही असं नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. होस्टेल, शिक्षण, आणि पुढे सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम, म्हणजे हातात कमाई. आमच्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर एनव्हीडीए घ्या. अंधांसाठीचे स्क्रीन रीडर विकत घ्यायचे तर जीव जायचा, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ पासून हे फुकट सॉफ्टवेअर घडवलं, त्यामागे ना-नफा संस्था उभी केली. ते मराठीही वाचतं. आपण मात्र लॉगिन पेजवर असा कॅप्चा टाकतो की त्या बिचाऱ्यानं वाचायचं काय, कप्पाळ? २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, असं ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या माणसाला सांगणारा कोड तुमच्यामाझ्यासारख्यानंच लिहिला होता ना?

"पण स्वावलंबी म्हणजे स्वतःचं स्वतः करायचं, मदतनीस कशाला?" असं एका मित्रानं लगेच विचारलं. अरे, तू स्वतःचा डबा स्वतः करतोस? स्वावलंबन म्हणजे कोणाची मदत न घेणं नव्हे. कधी उठायचं, कुठं जायचं, मदत कोणाची घ्यायची आणि कोणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, हे आपण ठरवणं. काकांचा ऑटोवाला आणि माझा ओलावाला यांत फरक एवढाच, की माझा आला नाही तर मला दुसरा मिळतो.

आणखी एक. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली माला पापळकर २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक परीक्षा पास झाली, नंतर नागपूरच्याच जिल्हाधिकारी कार्यालयात लागली. दृष्टी नाही, आणि तान्ही असताना जळगाव स्टेशनवर टाकून दिलेली. बातम्यांचे मथळे सगळे कचराकुंडीचे. पण कचराकुंडी ते कलेक्टर ऑफिस यांच्या मध्ये जे आहे ते काय? ब्रेल, ऑडिओ पुस्तकं, लेखनिक, शिकवणारे, आणि अठरा वर्षं झाली म्हणून दाराबाहेर न काढणारं एक घर. अठराव्या वर्षानंतर अनाथ अपंगांनी जायचं कुठं, हा प्रश्न पापळकर वर्षानुवर्षं सरकारला विचारत आलेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रश्न आहे तिथंच आहे.

सरकारनं करावं, हे मान्यच. २०१६ चा कायदा आहे. जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या, असं त्यात लिहिलंय. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं झापलं, की नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात वेगळं दिव्यांग कल्याण खातं निघालं. इकडे जवळच, पारडीच्या सूर्यनगरात, सुमारे बारा कोटींचं दिव्यांग उद्यान २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. नव्वद हजार चौरस फूट. उद्यानाला माझा अजिबात विरोध नाही, मीही जाईन. पण काकांना विचारलं तर म्हणाले, "पार्कात मले नेते कोन?"

असो. परवा हापिसातून मेल आलाय. यंदाच्या वाटपासाठी पोल आहे, चार पर्याय: तिनचाकी, व्हीलचेअर, काठ्या, ब्लँकेट. (दर वर्षी ब्लँकेट असतंच. नागपूरच्या मे महिन्यात वाटलं तरी असतं!) मी खाली पाचवा पर्याय लिहून पाठवला. तिनचाकी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा वर्षभराचा पगार, आणि कळमना, पारडी, भरतवाडा भागात फिरायला त्याला एक गाडी. त्यानं कोणाकडे आधी जायचं ते ठरवायला तीन जणांची समिती, तिघंही सायकलवाले. त्यांतलं एक नाव काकांचं, या वेळी त्यांना विचारून घातलंय.

उत्तर आलं, "कल्पना छान आहे, पण यात लाभार्थी कसे मोजायचे?"