उपयोग काय, म्हणे!

परवा कचेरीत चहाच्या वेळी मी एका संख्येची गोष्ट सांगत होतो. 2 चा 136279841 वा घात घ्यायचा आणि त्यातून 1 वजा करायचा. ही संख्या मूळ आहे, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, हे ऑक्टोबर 2024 मध्ये सिद्ध झाले. ती लिहायला 4,10,24,320 अंक लागतात. एकाने लगेच विचारले, "हाचो उपेग कितें रे?" दुसरा म्हणाला, त्यापेक्षा मटक्याचा आकडा सांग!

असो. या प्रश्नापेक्षा त्याला मिळणाऱ्या उत्तराचा मला जास्त राग येतो. "अशा संख्यांमुळेच तुमचे बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात," असे शहाणी माणसे ठोकून देतात. साफ चूक! आरएसए नावाच्या कुलपाला साधारण 300 अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. जगजाहीर झालेली चार कोटी अंकी संख्या तिथे काय कामाची? दाराला कुलूप लावून किल्ली चौकात टांगल्यासारखे झाले.

दुसरी थाप, "जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या". अशी संख्या असूच शकत नाही, हे युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी दाखवून दिले. तोवर सापडलेल्यांत मोठी, एवढेच म्हणता येते.

मग तिच्यात आहे तरी काय? मी कला शाखेचा माणूस, पण तिचा शेवटचा अंक मीही काढला. 2 च्या घातांचे शेवटचे अंक 2, 4, 8, 6 असे फिरत राहतात. 136279841 ला 4 ने भागले की 1 उरतो, म्हणजे घाताच्या शेवटी 2; त्यातून 1 गेला, उरला 1. चार कोटी अंकांचे शेपूट अर्ध्या मिनिटात हाती लागले! अशी संख्या मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. 11 मूळ आहे, तरी 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि 2047 म्हणजे 23 गुणिले 89. म्हणून एकेक संख्या तपासावी लागते. या जातीची ही सापडलेली 52 वी. ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंटने 17 देशांतले संगणक कामाला लावले. बक्षीस अवघे 3000 डॉलर.

आणि आपले दामोदर कोसंबी? 1907 साली गोव्यात जन्मलेला हा माणूस अखेरच्या वर्षांत मूळ संख्यांच्याच मागे होता. त्यांची सिद्धता गणितज्ञांनी मानली नाही, ती गोष्ट वेगळी. पण उपयोग विचारत ते बसले नाहीत. आपण मात्र त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरवतो, आणि घरी पोराने काही विचारले की "परीक्षेला आहे काय?" म्हणून त्याला गप्प करतो.

उद्या पोराने विचारले, याहून मोठी मूळ संख्या कुठली, तर "उपेग कितें" म्हणू नका. त्याच्या हातात कागद द्या.