‘चित्रात शेती दिसत नाही’ : कोणत्या चित्रात?



वनहक्काचे दावे परत येताहेत. शेरा एकच: ‘उपग्रह चित्रात शेती दिसत नाही.’ आमचा सवाल आहे, चित्र कोणतं? कोणत्या साली, कोणत्या महिन्यात काढलेलं?

सगळ्या उपग्रहांची नजर सारखी नसते. अमेरिकेच्या लँडसॅटच्या चित्रात एक ठिपका ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, म्हणजे जवळपास ९ गुंठे. आपल्या देशाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांचा. उतारावरचा वरईचा लहान तुकडा अशा ठिपक्यात झाडांबरोबर मिसळून जातो. २००३ साली वर गेलेल्या लिस-४ चा ठिपका ५.८ मीटरचा. त्यात शेताची कड उमटते.

मग महिन्याची गोष्ट. पीक उभं असतं तेव्हा आभाळ भरलेलं, साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. उन्हाळ्यात शेत उघडं आणि सागाचं रानही उघडं, दोन्ही सारखीच. पण दिवाळीनंतर नाचणी-वरई कापलेली असते, सागावर पानं असतात. त्या वेळचं चित्र शेजारी ठेवलं की शेत वेगळं पडतं. रडारचा उपग्रह ढगातूनही बघतो, पण उभ्या डोंगराच्या आडचं त्यालाही दिसत नाही. म्हणून जाणकार माणसं वेगवेगळ्या उपग्रहांची, वेगवेगळ्या हंगामांची चित्रं जुळवतात आणि जागेवर पायी जाऊन पडताळतात. तेव्हा कुठे नकाशा खरा होतो. एका चित्रावर दावा फेटाळणं म्हणजे उन्हाळ्यात नदी बघून ‘इथे पाणीच नसतं’ म्हणणं.

कायदाही हेच सांगतो. २०१२ साली सुधारलेल्या नियमांत लिहिलंय: उपग्रह चित्र इतर पुराव्यांना जोड देईल, त्यांची जागा घेणार नाही. अमुकच कागद आणा, असा हट्टही समितीला धरता येत नाही.

तर गावोगावी एवढं करा. नाकारल्याचं कारण लेखी मागा. त्यात उपग्रहाचं नाव, चित्राची तारीख आणि ठिपक्याचं माप मागा. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवायचा आहे, म्हणून त्या आधीच्या सालांची, निरनिराळ्या महिन्यांची चित्रं जुळवून बघा म्हणावं. वनहक्क समितीनं शिवारात फिरून बांध, घर, विहीर नोंदवावी. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत. आणि ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अपील टाकावं.

नीट जुळवलेली चित्रं आपल्याच बाजूनं बोलतील. ती मागून घ्या. मुदत चुकवू नका.