मालकी पुण्याची, जीव ब्लॅकबर्नचा

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश फुटबॉल क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब एखाद्या भारतीय कंपनीच्या ताब्यात येण्याची ती पहिलीच वेळ होती. दीड वर्षात हा क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला आणि त्यानंतर तो तिथे परतलेला नाही. मधल्या काळात त्याच्या चाहत्यांनी निदर्शने केली, घोषणा दिल्या, काहींनी मैदानाकडे पाठ फिरवली. हरणाऱ्या संघाचे चाहते चिडायचेच, असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. मला ते पटत नाही. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांचा राग पराभवावर नाही. पराभवाची त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. आपला क्लब कुठे चालला आहे हे त्याच्या मालकाने आपल्याला सांगावे, एवढीच त्यांची मागणी आहे. ती रास्त आहे आणि तिचा पत्ता पुण्याचा असल्यामुळे मराठी वाचकाने ती ऐकली पाहिजे.

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधले सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे गाव. कापडगिरण्यांवर ते वाढले आणि त्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होता हिंदुस्थान. इथल्या मागांवर खास आपल्या बाजारासाठी धोतरे विणली जात. स्वदेशीच्या चळवळीची झळ ज्या गावांना लागली त्यांत हे होते. सप्टेंबर १९३१ मध्ये शेजारच्याच डार्वेनमध्ये गांधीजी बेकार गिरणी कामगारांना भेटायला गेले होते, ते याच कारणाने. अशा गावात १८७५ मध्ये रोव्हर्सची स्थापना झाली. फुटबॉल तेव्हा उच्चभ्रू शाळांतून शिकलेल्यांचा खेळ होता. त्यांची सद्दी मोडली तीही याच गावाने. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून एफए कप उत्तरेत आणला आणि पुढची सलग तीन वर्षे तो रोव्हर्सने जिंकला. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापकांत रोव्हर्स होता, १९९२ च्या प्रीमियर लीगच्या संस्थापकांतही होता. पुढे गिरण्या गेल्या, माग भंगारात निघाले, ज्या कामाने गावाला नाव दिले ते काम संपले. क्लब मात्र राहिला. गिरणगावातल्या गिरण्या बंद पडल्यावर तिथली गणेश मंडळे आणि कबड्डीचे संघ ज्यांनी जिवापाड जपले, त्यांना यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको.

या गावाच्या आशेला एक तारीख आहे, १४ मे १९९५. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाच्या व्यापारात मोठा झालेला. आपला धंदा ब्रिटिश स्टीलला विकून त्याने १९९१ मध्ये क्लबची सूत्रे हाती घेतली. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होता. वॉकरने केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणले, अ‍ॅलन शिअररसाठी १९९२ मध्ये तेव्हाची विक्रमी किंमत मोजली, इवूड पार्क हे मैदान जवळजवळ नव्याने बांधून काढले. १९९४-९५ च्या हंगामात शिअररने लीगमध्ये ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये हरला, पण त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरी पत्करावी लागली आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. त्याआधीचे लीग विजेतेपद १९१४ चे होते. म्हणजे मधल्या ८१ वर्षांत माणसे जन्मली, आयुष्यभर त्या मैदानावर गेली आणि एकही लीग विजेतेपद न पाहता वारली. इंग्लिश फुटबॉलमधली आशा ही अशी असते. ती हिशेबाने केलेली नसते, घराण्यात चालत आलेली असते.

२०१० नंतर जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. नवे मालक आल्यावर महिनाभरातच सॅम अ‍ॅलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढले गेले, आणि तेही संघ तेराव्या क्रमांकावर, म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित असताना. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन, ज्याने त्याआधी कोणत्याही मोठ्या संघाचे मॅनेजरपद सांभाळलेले नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. त्याच सुमारास खेळाडू सामन्याआधी कोंबडी खात बसल्याची जाहिरात झळकली. लीगच्या तळाशी पोचलेल्या संघाच्या चाहत्यांना ती पाहून काय वाटले असेल, हे सांगायला नकोच. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून १-० असा पराभव झाला आणि अकरा हंगामांनंतर क्लब खालच्या श्रेणीत गेला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली होती. पुढच्या एकाच हंगामात कीन, मग हेनिंग बर्ग, मग मायकेल अ‍ॅपल्टन असे मॅनेजर आले नि गेले. बर्ग ५७ दिवस टिकला, अ‍ॅपल्टन ६७. २०१७ मध्ये रोव्हर्स शेवटचा सामना जिंकूनही केवळ गोलफरकामुळे तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगचा विजेता ठरलेला क्लब तिथवर जाण्याची ती पहिली वेळ.

न्यायाने बोलायचे तर त्यानंतरचा काळ एवढा काळा नाही. टोनी मोब्रे या मॅनेजरवर मालकांनी विश्वास ठेवला, संघ लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत परतला आणि मोब्रेला २०२२ पर्यंत काम करू दिले गेले. क्लबची अकादमी इंग्लंडमधल्या अव्वल दर्जाच्या अकादम्यांपैकी आहे. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला अ‍ॅडम व्हॉर्टन तिथे घडला. पण घुसमटही इथेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हॉर्टनला क्रिस्टल पॅलेसला विकले गेले. काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता आणि २०२५ मध्ये एफए कप जिंकणाऱ्या संघात. २०२२-२३ मध्ये रोव्हर्स सातवा आला. बढतीच्या बाद फेरीसाठी पहिल्या सहांत असावे लागते आणि सहाव्या संघाइतकेच गुण असूनही गोलफरकाने ती संधी हुकली. त्याच हंगामात एका खेळाडूला उसने घेण्याचा व्यवहार कागदपत्रे वेळेत न पोचल्याने फिसकटला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदा कागदपत्रांतच घोळ झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पाचव्या स्थानावर असताना मॅनेजर जॉन युस्टेस पदावनतीच्या छायेत असलेल्या डर्बीकडे निघून गेला. डर्बीसाठी तो पूर्वी खेळलेला होता, हे खरे. तरीही बढतीच्या उंबरठ्यावर असलेला संघ सोडून माणूस बुडत्या नावेत चढतो, तेव्हा त्याला इथे पुढचे काही दिसत नव्हते एवढे तरी मानावे लागते. तो हंगामही सातव्या क्रमांकावर संपला. त्याच उन्हाळ्यात महिलांच्या संघाला दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून काढून घेण्यात आले, कारण परवान्याच्या वाढीव अटी पूर्ण करण्याचा खर्च करायचा नव्हता. ज्या मुलींनी वर्षानुवर्षे खेळून ती श्रेणी गाठली होती, त्यांना खर्चाच्या एका निर्णयाने खाली उतरवले गेले. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त दुःख याचे होते.

यावर पहिला आक्षेप असा की, पैसा मालकांचा आहे, मग जाब विचारणारे चाहते कोण? हा आक्षेप हलका नाही. वेंकीजने आजवर या क्लबमध्ये वीस कोटी पौंडांहून अधिक ओतले आहेत आणि त्यातले परत मिळण्याची शक्यता दिसत नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतले अनेक क्लब पगारावरच उत्पन्नाहून जास्त खर्च करतात. दरवर्षीची ती तूट कोणीतरी भरली नाही तर क्लब बंद पडेल. मालकांनी हात आखडता घेतला असता, तर ब्लॅकबर्नची अवस्था कदाचित बरी या क्लबसारखी झाली असती. त्या १३४ वर्षांच्या क्लबला ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने हाकलून दिले. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच. हा पैसा कशासाठी दिला जातो आहे? बढती मिळवायची आहे, की फक्त जिवंत ठेवायचे आहे, की योग्य किंमत आली की विकायचे आहे? यातले कोणतेही उत्तर चाहत्यांनी पचवले असते, पण उत्तरच दिले जात नाही आणि मालक मैदानावर फिरकत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे. वेंकीजच्या परदेशी व्यवहारांबाबत अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाली, तेव्हा क्लबला पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. एका इंग्लिश गावातल्या लोकांना आपल्या संघाचे भवितव्य समजून घेण्यासाठी दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा पाहाव्या लागल्या. देणारा उदार असला तरी सांगणारा कोणी नसेल, तर त्या उदारपणातून विश्वास जन्मत नाही.

दुसरा आक्षेप चाहत्यांच्या प्रामाणिकपणावर आहे. वॉकरनेही पैशाच्या जोरावरच विजेतेपद आणले, तेव्हा कोणी कुरकुर केली नाही, मग आताच तत्त्वाच्या गोष्टी का? वॉकरच्या पैशाने स्पर्धा असमान केली, ही टीका त्या वेळीही झाली होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण वॉकर गावातला होता. त्याला काय हवे आहे हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, कारण त्यालाही तेच हवे होते. पैशाच्या आकड्याहून हा फरक मोठा आहे. यालाच जोडून आणखी एक शंका घेतली जाते, की मालक भारतीय आहेत म्हणून हा विरोध आहे. इंग्लिश मैदानांवर वंशद्वेष आहे आणि एखाद्या घोषणेत तो मिसळला असेल, तर त्याचे समर्थन कोणी करू नये. तरीही संपूर्ण असंतोष त्या खात्यात टाकणे अन्यायाचे होईल. ब्लॅकबर्नमध्ये भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि २०२२ मध्ये इवूड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली, जी इंग्लंडमधल्या क्लबच्या मैदानांवरची पहिली होती. शिवाय मँचेस्टर युनायटेडच्या अमेरिकी मालकांविरुद्धचा राग याहून तिळमात्र कमी नाही.

राहता राहिला सर्वांत सोपा सल्ला. पटत नसेल तर दुसरा संघ धरा. मुंबईत किंवा पुण्यात पहाटेपर्यंत जागून टीव्हीवर प्रीमियर लीग पाहणाऱ्याला तो शक्य वाटेल, कारण त्याने आपला संघ निवडलेला असतो. ब्लॅकबर्नच्या माणसाला ती निवड कधी मिळालेलीच नसते. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचे ठरवले आणि फुटबॉल संघटनेने नेमलेल्या आयोगाने त्याला मान्यता दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढला, तळाच्या लीगपासून सुरुवात केली, नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये आणला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनवर, आपल्या जुन्या परिसरात, स्वतःचे मैदान उभे केले. बरीच्या चाहत्यांनीही २०२३ मध्ये आपल्या गिग लेनवर पुन्हा सामने सुरू केले. गिऱ्हाईक दुकान बदलते, स्वतः दुकान बांधत नाही. या लोकांचा क्लबवरचा हक्क ब्रिटिश संसदेनेही आता अंशतः मान्य केला आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पहिल्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर देखरेख करणारा स्वतंत्र नियामक आला. मालकांची आर्थिक क्षमता आणि सचोटी तपासणे, चाहत्यांशी सल्लामसलत बंधनकारक करणे, मैदान परस्पर विकण्याला आळा घालणे हे त्याचे काम आहे. क्लबचा मालक हा त्याचा विश्वस्तही आहे, असा या कायद्याचा मी अर्थ घेतो.

आपल्याकडे याच्या उलट काय होते, ते पुण्याने पाहिले आहे. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी हे तिन्ही क्लब आले आणि गुंडाळले गेले. शेवटच्याची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या संघाने घेतली. त्या मोजक्या चाहत्यांना वाईट वाटले असणार, पण त्यांना विचारायला कोणी बांधील नव्हते आणि शहरात फारसा आवाज उठला नाही. ब्लॅकबर्नमध्ये आवाज उठतो, तो पंधरा वर्षे थकत नाही, ही त्या क्लबची सर्वांत मोठी शिल्लक आहे. ज्या दिवशी तिथले लोक निदर्शने करायचे थांबतील, त्या दिवशी मालकांना खरी काळजी वाटली पाहिजे.

म्हणून मागणी थेट आहे आणि ती पुण्यातच केली पाहिजे. वेंकीजच्या मालक देसाई-राव कुटुंबाने वर्षातून किमान एकदा इवूड पार्कवर जावे, चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बसावे, पुढच्या तीन वर्षांत किती पैसा देणार आणि कशासाठी देणार ते सांगावे, खेळाडूंच्या विक्रीतून आलेल्या रकमेचे काय झाले ते मांडावे आणि महिलांचा संघ पुन्हा वर आणण्याची मुदत जाहीर करावी. हे करायची इच्छा नसेल, तर क्लब योग्य माणसाच्या हाती सोपवून बाजूला व्हावे. यासाठी विमानाच्या तिकिटापलीकडे काही खर्च नाही.