सोंगाड्याची लेव्हल

एकांकिकेचा विषय ठरवायला बसलेल्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रुपमध्ये जाऊन बघा. पहिला प्रश्न हाच येतो, 'इश्यू काय घ्यायचा?' शेतकऱ्याचं कर्ज, ऊसतोडीचं स्थलांतर, जात, एकटं पडलेलं म्हातारपण. सगळे विषय महत्त्वाचे, त्यात वाद नाही. पण एखाद्यानं हळूच म्हटलं की, 'राव, या वर्षी कॉमेडी करू ना,' की बाकीचे त्याच्याकडं असे बघतात जणू त्यानं तालमीच्या हॉलमध्ये डीजे लावायचं सुचवलं. 'कॉमेडी गॅदरिंगला ठीके. करंडकाला नाही चालत.' विषय संपला.

मला या 'नाही चालत'शी भांडायचंय. हसवणं म्हणजे टाइमपास आणि रडवणं म्हणजे अभिनय, ही वाटणी चुकीची आहे. आणि नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणू, पोरापोरींनी तर ती अजिबातच मान्य करू नये. का ते सांगतो. सुरुवात मात्र रंगभूमीपासून नाही, एका गेमपासून करतो.

'किंगडम ऑफ लोदिंग' नावाचा एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आहे. अमेरिकेत 2003 साली सुरू झाला. बीजीएमआयची सवय असलेल्यांना तो पहिल्यांदा बघताना हसू येईल, कारण त्यात ग्राफिक्स असं काही नाहीच. वहीच्या शेवटच्या पानावर आपण काढतो तशी काड्यांची माणसं आणि बाकी सगळा मजकूर. तुम्ही योद्धा वगैरे होत नाही. 'अकॉर्डियन चोर' होता, किंवा पास्त्यावर मंत्र टाकणारा मांत्रिक होता. चलन सोन्याचं नाही, मटणाचं. दिवसाला ठरावीकच चाली मिळतात, त्या वाढवायच्या असतील तर खायचं-प्यायचं. आणि हा सगळा पोरखेळ दोन दशकांहून जास्त काळ चाललाय.

या गेममध्ये एक टप्पा असा येतो की तुम्ही सैतानांच्या राज्यात पोहोचता. तिथं लढाई असेल असं वाटतं. असते एक कॉमेडी क्लबची रंगमंचासारखी जागा. एका सैतानाची हरवलेली वस्तू परत मिळवायची, तर तिथल्या 'मॉर्न' नावाच्या पात्रापुढं तुम्हाला विनोद सादर करावा लागतो. तोही एकाच प्रकारचा नाही, तीन प्रकारचा. एक, दुसऱ्याला टोमणे मारायचा. दोन, रोजचं जगणं बारकाईनं बघून त्यातली गंमत सांगायचा. तीन, हातातल्या वस्तूशी खेळून करायचा. प्रत्येकासाठी वेगळं सामान जमवावं लागतं: टोमणे मारणारा बाहुला, निरीक्षणाचा चष्मा आणि एक प्रॉप. ते सामान नुसतं पिशवीत असून भागत नाही. अंगावर चढवून, त्या त्या भूमिकेत शिरून उभं राहावं लागतं. तेव्हाच तो टप्पा पार होतो.

गेम लिहिणाऱ्यांनी हे गमतीत केलंय. पण या गमतीत एक शहाणपण आहे. तलवारीनं सुटणार नाही अशी गाठ विनोदानं सुटते. आणि विनोद आपोआप होत नाही. त्याचे प्रकार असतात, त्याची तयारी असते, कुठला कधी वापरायचा याचा अंदाज लागतो. थोडक्यात, विनोद ही एक लेव्हल आहे, आणि ती सोपी नाही.

आता हेच आपल्याकडं बघा. तमाशातली गवळण आठवा. गण झाला, गवळण सुरू झाली. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, सोबत मावशी. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात. रस्ता बंद! कर द्या, मग पुढं जा. मावशी भांडते, पेंद्या उलटं बोलतो, शब्दावर शब्द चढतो, आणि त्या भांडणात गावचा सरपंच, सोसायटीची निवडणूक, कांद्याचा भाव, लाइटचं भारनियमन असं सगळं येऊन जातं. मथुरेच्या वाटेवर भारनियमन कसं, असं कुणी विचारत नाही. रस्ता अडवणारं पात्र, त्याला बोलण्यात हरवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि संवाद दर खेळाला बदलणार. गेमिंगच्या भाषेत याला एन्काउंटर म्हणतात. आपल्याकडं तो कंदिलाच्या उजेडातही होत होता.

पुढं बतावणी आणि वग. तिथं सोंगाड्या. गेममधल्या त्या तिन्ही परीक्षा हा एकटा माणूस एका रात्रीत देतो. राजाला टोमणा मारतो, समोर बसलेल्या पाव्हण्याचा फेटा बघून तिथल्या तिथं वाक्य काढतो, आणि हातातल्या काठीचं कधी घोडं करतो, कधी बंदूक. 'गाढवाचं लग्न'मधले दादू इंदुरीकर किंवा 1965 साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधले दादा कोंडके यांची कीर्ती याच हजरजबाबीपणावर उभी आहे. संहिता होती, पण प्रयोग त्या दिवशीच्या प्रेक्षकाबरोबर घडायचा.

आणि हे काही लांबचं नाही. पेशवाईतला नावाजलेला शाहीर अनंत फंदी हा संगमनेरचा. जन्म 1744, मृत्यू 1819. त्यानं तमाशाचा फड गाजवला. त्याच्याबद्दल अशी आख्यायिका सांगतात की, अहिल्याबाई होळकरांनी त्याला तमाशा सोडून कीर्तनाकडं वळायला सांगितलं आणि तो वळला. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, म्हणजे दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल-नसेल, पण ती दोनशे वर्षं सांगितली जातेय यातच सगळं आलं. कीर्तन वर, तमाशा खाली. उपदेश वर, हसणं खाली. आपल्या तालमीच्या हॉलमधलं 'करंडकाला नाही चालत' हे त्याच उतरंडीचं आजचं रूप आहे. गंमत म्हणजे चांगल्या कीर्तनकारालाही हशा लागतोच. त्याशिवाय मागच्या रांगेतला माणूस रात्री अकरापर्यंत बसत नाही.

याच संगमनेरमध्ये कांताबाई सातारकर राहिल्या. स्वतःचा फड उभा केला, तो चालवला, पुरुषांच्या भूमिकाही ताकदीनं केल्या. 2021 मध्ये, कोरोनाच्या काळात त्या गेल्या. त्या काळात जत्रा बंद, म्हणजे फड बंद, म्हणजे चूल बंद. तमाशा कलावंतांवर काय वेळ आली ते पेपरात वाचून आपण हळहळलो. पण त्यांच्याकडून शिकायला किती जण गेलो? हळहळ हाही एक सोपा मार्ग असतो.

सदाशिव अमरापूरकरही नगरचेच. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आणि 'सडक'मधली महाराणी बघून अंगावर काटा येतो. त्याच माणसानं नंतर हिंदीत भरपूर विनोदी भूमिका केल्या. भीती घालायला जे टायमिंग लागतं तेच हसवायला लागतं. वाक्याआधी किती थांबायचं, नजर कुठं ठेवायची, समोरच्याचं बोलणं कुठं तोडायचं. दोन वेगळी दुकानं नाहीत ही.

आता समोरची बाजू. परीक्षक काही विनोदाचे वैरी नसतात. त्यांची तक्रार वेगळी असते, आणि ती खरी आहे. आपण कॉमेडी म्हणून जे करतो ते बऱ्याचदा काय असतं? मुलाला साडी नेसवली, झाला विनोद. जाड्या पोराला स्टेजवर पाडलं, झाला विनोद. रीलमधला चालू डायलॉग उचलला, टाळी घेतली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याच भागाची बोली. 'लई', 'आरं', 'कामून' असं बोलणारं पात्र आलं की ते येडपटच असणार, आणि शुद्ध बोलणारा हुशार. पाथर्डी, शेवगावची पोरं स्वतःच्या आईबापाच्या बोलण्यावर हशा घेतात आणि त्याला ग्रामीण विनोद म्हणतात. यावर करंडक मिळाला नाही तर परीक्षकांना कशाला बोलायचं?

तमाशालाही मी डोक्यावर घेऊन नाचणार नाही. त्यातला बराच विनोद बाईच्या अंगावरून जायचा, आणि स्टेजवरच्या बाईलाच तो ऐकून घ्यावा लागायचा. ते उचलायची गरज नाही. उचलायची ती सोंगाड्याची जागा. तो राजाच्या शेजारी उभा राहून राजाची टर उडवतो. तो वरच्यावर हसतो. आपला विनोद खालच्यावर हसायला लागला की तो सोपा होतो आणि घाणही होतो. त्यावरचा उपाय विनोद सोडून देणं हा नाही. तो नीट शिकणं हा आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. करंडकाच्या मोसमात सेट, लाइट, ट्रॅक, गाडीभाडं यांचा हिशोब घातला की अकोले किंवा जामखेडच्या साध्या कॉलेजच्या टीमचा जीव अर्धा होतो. मोठ्या शहरातल्या टीमचा टेम्पोभर सेट उतरताना बघूनच निम्मी मॅच गेल्यासारखी वाटते. इथं तो काड्यांच्या माणसांचा गेम आठवा. चित्रांवर खर्च नाही, सगळा जीव लिहिण्यात. तरी लोक वर्षानुवर्षं खेळले. सोंगाड्याकडं तरी काय होतं? एक काठी आणि तोंड. विनोद हा गरीब टीमचा सगळ्यात मोठा भांडवली माल आहे, आणि आपण तोच गोदामात ठेवून उसना सेट आणायला जातो.

फॉर्म्युल्याचंही सांगतो. 2022 मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. पुष्कळ वाद झाला. कोण बरोबर, कोण चूक हे बाजूला ठेवू. मला त्यातून एवढंच दिसतं की, 'करंडकाला काय चालतं' याचा अंदाज बांधून नाटक बसवलं तरी करंडकाची गॅरंटी नसतेच. मग निदान स्वतःला जे मनापासून सांगायचंय ते तरी करा ना.

आणि गेम खेळणाऱ्यांना नाटकवाल्यांनी कमी समजू नये. लॉकडाऊनमध्ये इंग्लंडमधल्या काम नसलेल्या दोन नटांनी 'जीटीए ऑनलाइन' या गेमच्या आत शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' करायचं ठरवलं. ऑडिशन गेममध्येच. मध्येच कुणी अनोळखी खेळाडू येऊन गोळ्या घालायचा, पोलीस मागं लागायचे, आणि हे संवाद म्हणत राहायचे. त्यावरची 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट' ही डॉक्युमेंटरी 2024 साली आली. शोकांतिका करायला गेले आणि व्यत्ययांनी ती विनोदी झाली, तरी तिचं दुःख कमी झालं नाही. जत्रेतल्या फडाला हे नवीन नाही. शिट्टी, फेटा, मध्येच उठणारा पाव्हणा, सगळं पचवून खेळ पुढं न्यायचा. रोज रात्री स्क्वाडमधल्या अनोळखी पोरांशी बोलत, चिडवत, डाव फिरला की क्षणात प्लॅन बदलत खेळणाऱ्याकडं हाच गुण असतो. त्याला फक्त कुणीतरी स्टेजवर ओढायला हवं.

म्हणून थोडं करण्यासारखं. एक, आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धांनी एखादी फेरी अशी ठेवावी की एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक काठी, बाकी काही नाही. दोन, कॉलेजांनी नाट्यशिबिराला मुंबई-पुण्याचा सेलिब्रिटी बोलवायच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या फडातला जाणता सोंगाड्या बोलवावा, आणि त्याला हारतुरे देऊन न थांबता मानधन द्यावं. तीन, एनएसएसचं हिवाळी शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात असतंच. एकांकिकेचा पहिला प्रयोग तिथं करा, पारावर, गावकऱ्यांसमोर. सभागृहात मित्र हसतात ते मैत्रीखातर. पारावरची आजी फुकट हसत नाही. ती हसली, तर समजा लिहिलेलं खरं आहे. आणि ती हसली नाही, तर घरी जाऊन पुन्हा लिहा.

चौदा तालुक्यांचा जिल्हा आपला. दुष्काळी पट्टा आणि साखर कारखाने, हातात कोयता घेऊन बाहेर जाणारी माणसं आणि बाहेरून इथं येणारी माणसं. इश्यूंना तोटा नाही, आणि ते मांडलेच पाहिजेत. पण ज्या माणसांचे हे इश्यू आहेत ती माणसं दिवसभर रडत बसत नाहीत. टँकरच्या रांगेतही कुणीतरी पुढाऱ्याची नक्कल करत असतं आणि अख्खी रांग हसत असते. ती नक्कल स्टेजवर आणल्याशिवाय त्या रांगेचं नाटक पुरं होत नाही.

तेव्हा पुढच्या मीटिंगला कुणी 'इश्यू काय घ्यायचा?' विचारलं तर उत्तर द्या. आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा, 'यात सोंगाड्या कोण करणार?' सगळ्यात चांगला नट त्या कामाला लावा. लेव्हल अवघड आहे.