क्लच बदला, पण कुठल्या रस्त्यासाठी?

चाकणच्या कारखान्यातली पोलो २०२२ मध्ये बंद झाली आणि पोरांच्या नजरेत तिचा भाव आणखीच वाढला. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कुठेही जा. पंचविशीतल्या ज्याला गाडीचं वेड आहे, त्याला सेकंडहँड टर्बो पेट्रोल हवी असते. खरी स्पोर्ट्स कार आपल्या खिशाला झेपत नाही आणि आपल्या स्पीडब्रेकरवरून जातही नाही, म्हणून हीच आपली स्पोर्ट्स कार. गाडी आली की काही महिन्यांत रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून जास्त ताकद काढायची. आणि रिमॅप झाला की पुढचा प्रश्न आलाच: स्टेज टू क्लच टाकू का? सोबत हलकं फ्लायव्हील?

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. यात दोन-तीन महिन्यांचा पगार जातो, आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल तर घरातलं वातावरणही जातं. म्हणून आमचं मत आधीच सांगून टाकतो. सिंधुदुर्गात रोज चालणाऱ्या गाडीला हलकं फ्लायव्हील नको. आणि क्लच बदला, पण तो खरंच घसरत असेल तरच.

आता कारणं. पोलोच्या एक लिटर टीएसआय इंजिनाचा कंपनीने दिलेला टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. कंपनीचा क्लच त्याहून थोडा जास्त भार पेलेल असाच बनवलेला असतो. समजा, रिमॅपनंतर टॉर्क २३० वर गेला. मग ती शिल्लक संपते आणि प्लेट घसरायला लागते. यावर उपाय दोनच: प्रेशर प्लेटची पकड वाढवायची, नाहीतर प्लेटचं मटेरियल बदलायचं. पकड वाढवली की पेडल जड होतं. सिरॅमिक प्लेट टाकली की ती एकदम पकडते, मधलं काही नाही. आपण ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो, ती जागाच जवळजवळ नाहीशी होते.

फ्लायव्हीलचं काम समजायचं असेल तर कुंभाराचं चाक आठवा. एकदा फिरवलं की जड असल्यामुळेच ते फिरत राहतं, म्हणून मडकं नीट होतं. इंजिनात धक्क्याधक्क्याने येणारी ताकद हे जड चाक साठवून सारखी करतं. चाक हलकं केलं की आरपीएम पटकन चढतो आणि पटकन पडतो. रीलमध्ये तो आवाज भारी वाटतो, मलाही वाटतो. फायदा खरा आहे, पण तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जास्त. वरच्या गिअरमध्ये गाडीच्या वजनापुढे त्या चार-पाच किलोंचा फरक फारसा उरत नाही. आणि ज्या गाडीत ड्युअल-मास फ्लायव्हील असतं, त्यात दोन चाकांच्या मध्ये स्प्रिंगा असतात, इंजिनची थरथर गिल्ण्यासाठीच. ते काढून एकसंध चाक बसवलं की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडायला लागतो. आई विचारते, “गाडीत डबे ठेवलेस काय?”

पण खरा मुद्दा रस्त्याचा आहे. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला रसद नेण्याच्या जुन्या वाटेवर आंबोली लागते. बैलगाड्यांच्या काळातली ही वाट. समुद्रापासून सुमारे ६९० मीटर उंचीवर गाव, दाणोली सोडली की वळणावर वळण. जुलैतल्या रविवारी धबधब्याखाली दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या असतात, रस्ता ओला, धुकं, चढावर रांग. पाच फूट पुढे, थांबा. पुन्हा पाच फूट. अशा ठिकाणी हलकं फ्लायव्हील म्हणजे गाडी बंद पडायचं आमंत्रण, कारण सुटताना इंजिनला आधार देणारा साठाच कमी केलेला असतो. बंद पडू नये म्हणून तुम्ही आरपीएम वाढवता आणि ज्या क्लचसाठी एवढा खर्च केला तोच जळतो. गणपतीत हायवेची तीच गत, मे महिन्यात मालवण बाजारातून तारकर्लीकडे निघालात तर तीच. जड पेडल तासभर दाबून बघा, डाव्या गुडघ्याला विचारा.

माझ्या मावसभावाची गाडी अशीच घाटात तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मागचा टेम्पोवाला उतरून आला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्याने दगड आणून टायरमागे लावला. त्याचाच अपमान जास्त झाला.

घसरतोय की नाही हे बघायचं साधन फुकट आहे. झाराप-पत्रादेवी पट्ट्यात रस्ता मोकळा असताना चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा झरझर वर गेला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. दोन्ही सोबत चढले तर पैसे खिशात ठेवा. घसरत असला तरी लगेच प्लेट दोषी धरू नका. इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येतं तेव्हा नवीकोरी प्लेटही घसरते. आमच्या ओळखीचे मेस्त्री पहिलं वाक्य हेच बोलतात, “आधी ह्या त्याल खयसून येता ता बघूया.” आणखी एक, किनाऱ्यावरचं खास. मुंबईकरांची गाडी पावसाळाभर अंगणात उभी राहते आणि खाऱ्या दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. गिअरच पडत नाही. तो क्लच कमजोर नसतो, फक्त उभा राहून कंटाळलेला असतो.

कोणी म्हणेल, मी ट्रॅकवर जातो. मग जरूर टाका. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चढावरचा ट्रॅफिक जॅम नसतो. पण वर्षातून एक दिवस ट्रॅक आणि उरलेले दिवस कणकवली-मालवण अपडाऊन, हा हिशेब स्वतःशी खरा मांडा. कायद्याचंही बघा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे. क्लच काही आरसीवर लिहिलेला नसतो, पण रिमॅप आणि विमा यांचं नातं पॉलिसी हातात घेऊन वाचावं, डीलरच्या तोंडून ऐकू नये.

घसरतोय हे नक्की झालं तर कंपनीच्या वजनाचंच फ्लायव्हील ठेवा आणि थोडी जास्त पकड असलेला साधा ऑर्गॅनिक क्लच सेट घ्या. गिअरबॉक्स खाली घ्यायची मजुरी एकदाच लागते, म्हणून त्याच वेळी रिलीज बेअरिंग आणि ते मागचं सीलही बदलून घ्या. बेअरिंग वाचवून कुणी श्रीमंत झालेलं नाही, उलट तीच मजुरी दुसऱ्यांदा दिलेले दोघे मला माहीत आहेत. उरलेले पैसे टायर आणि ब्रेक पॅडला. आंबोली चढायला ताकद लागते हे सगळ्यांना दिसतं, उतरताना काय लागतं ते दाणोलीत पोचेपर्यंत ब्रेकच्या वासावरून कळतं.

मावसभावाने चतुर्थीआधी जुनं फ्लायव्हील परत बसवून घेतलं. हलकं वालं त्याच्या पलंगाखाली पेपरात गुंडाळलेलं आहे. विकत नाही, म्हणतो ट्रॅकवर जाणार.