आधी पायऱ्या दाखवा!

मंडळी, गेल्या आठवड्यात नातू चार दिवस आमच्याकडे होता. रात्री दोन वाजतासुद्धा लॅपटॉप! द्राक्षाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्राम तो लिहितो. प्रोग्राम बंद पडत नव्हता, चूक दाखवत नव्हता. फक्त मधूनच भुरीला केवडा म्हणत होता. त्याच्या भरवशावर कुणी औषध फवारले म्हणजे?

मी मराठी माध्यमाचा बी.ए., पण राहवेना. म्हटलं, "अरे, आत काय चाललंय ते बघ की!"

"आजोबा, तेच तर दिसत नाही."

मग त्याने समजावले. प्रोग्राम पायथनमध्ये, पण जड गुणाकाराचा भाग सी प्लस प्लसमध्ये, कंपाइल केलेला. तो मध्येच थांबवून आत डोकावायचे साधन म्हणजे जीडीबी. त्याला म्हणावे, हा टेन्सर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, दाखव. तर तो तक्त्याचा नुसता पत्ता सांगतो. दुसरे काही विचारावे तर 'ऑप्टिमाइज्ड आउट'. म्हणजे वेगाच्या नादात कंपायलरने ती किंमत जपलीच नाही!

यावर त्याच्या ऑफिसातले म्हणतात, "बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतंय ना? मग आत कशाला बघायचं?" इथे माझे डोके फिरले. आयुष्यभर गणिताच्या वह्या तपासल्या. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, असा पोरगा दिसला की मी आधी शेजारच्याची वही मागवायचो.

वेग हवा, मान्य. पण साधने नाहीत असे कुणी म्हणू नये. जीडीबीला असे तक्ते नीट मांडायला शिकवता येते, २००९ सालच्या ७.० आवृत्तीपासून. पायटॉर्चवाल्यांनीही आपल्या कोडबरोबर 'टॉर्च-टेन्सर-रेप्र' नावाची आज्ञा ठेवली आहे. ऑफिसात ती कुणी वापरून पाहिली नव्हती. उणीव साधनांची नाही, मनाची आहे.

नातवाने ती वापरली. तक्ता बरोबर निघाला! पण त्याचे स्वतःचे कोड स्मृतीतून तेच आकडे वेगळ्या क्रमाने वाचत होते. पायटॉर्चमध्ये आडव्याचे उभे केले, तरी आकडे जागचे हलत नाहीत. किती घरे उडी मारून वाचायचे ती नोंद, म्हणजे स्ट्राइड, तेवढी बदलते. कोडने ती नोंद पाहिलीच नव्हती. तक्ता चौरस, म्हणून आकार जुळला आणि कुणी तक्रार केली नाही.

यंत्र शिकते म्हणता ना? मग ते विद्यार्थी झाले. विद्यार्थ्याची वही उघडता आली नाही, तर त्याला पास करणारे आपण कोण?

असो. नातू आज परत गेला. जाताना म्हणाला, "आजोबा, वही तपासली!" गुण पूर्ण दिले.