तोफ जुनी, विष घरातले

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळातील तोफांच्या नेमबाजी स्पर्धा आजही होतात. व्हर्जिनियातील विंचेस्टरजवळच्या फोर्ट शेनान्डोआ येथे तोंडाकडून दारू ठासलेल्या तोफा निशाणावर डागल्या जातात. या छंदातील काही मंडळी आपल्या तोफेचे गोळे शिसे वितळवून घरीच ओततात. आरोग्याचा प्रश्न मैदानावर नव्हे, तर या घरगुती भट्टीपाशी सुरू होतो.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला गॅसची शेगडीही पुरते. त्यामुळे काम सोपे वाटते. पण बंदुकीच्या गोळीला तीसेक ग्रॅम शिसे लागत असेल, तर तीन इंच व्यासाच्या भरीव गोळ्याला अडीच किलोहून अधिक लागते. म्हणजे दहा गोळ्यांसाठी २६ किलो!

धुराची भीती सर्वांनाच असते. प्रत्यक्षात ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका वितळलेल्या धातूवर साचणाऱ्या, भुकटीसारख्या मळीचा. ती हातांवरून तोंडात जाते, कपडे-बुटांबरोबर घरात येते आणि रांगणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचते. शिशाची सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तर प्रौढांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार वाढतात. शरीरात गेलेले शिसे हाडांत अनेक वर्षे साठून राहते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी डेसिलिटरमागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. कारखान्यांसाठीच्या १९७८च्या नियमानुसार मात्र हे प्रमाण ६० झाले की कामगाराला त्या कामावरून हटवावे लागते. दोन्ही आकड्यांतील अंतर मोठे आहे. त्यात घरच्या गॅरेजला कारखान्याचा हा नियमही लागू नाही. तिथे तपासणीचा निर्णय छंद जोपासणाऱ्यानेच घ्यायचा असतो.

उपाय अवघड नाहीत. ओतकाम उघड्यावर, मुले आणि स्वयंपाकघर यांपासून दूर करावे. जवळ खाणेपिणे नको. मळी झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपडे वेगळे धुवावेत. जुन्या बॅटरीतील शिसे वापरू नये. त्यातून विषारी वायू निघू शकतात. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडता कामा नये, कारण वाफ होऊन तप्त धातू अंगावर उडतो. आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्यावे. त्रास जाणवेपर्यंत थांबणे महागात पडते, कारण शिसे बराच काळ कोणतेही लक्षण न दाखवता नुकसान करते.